भुलाबाईसाठी आणलेलं फूल

“गोड पानी घे व दुर्गे, गोड! विहिरीचं घेशीन तं सकाळपावतर माह्या फुलायच्या पाकळ्या जळून जातीन!”

पार्बताबाईंची ही हाक मी पहिल्यांदा ऐकली, त्याला तीस वर्षं झाली. आवाज असा खणखणीत, की ओट्यावरून हाक गेली तर तलावाकाठच्या बगळ्यांनी माना वर कराव्यात. दुर्गाबाई तेव्हा त्यांची नवी सून होती. मनगटभर हिरवा चुडा आणि त्या हातात मी. बिचारी जवळची म्हणून विहिरीकडे निघाली होती. हाक ऐकली, जीभ चावली आणि पदर सावरत तलावाच्या वाटेला वळली.

मित्रांनो, मी एक जुनी पितळी बादली आहे. आज मला पाहाल तर पितळ म्हणून ओळखणारसुद्धा नाही. अंगावर काळपट हिरवे डाग चढलेत. कडी एका कानातून निखळली आहे. ओट्याच्या कोपऱ्यात मी उपडी पडून असते आणि येणारा-जाणारा माझ्यावर टेकतो. ज्या बुडाला कधी ऊन दिसलं नव्हतं, त्यावर आता दिवसभर ऊन पडतं. पण मी कायमची अशी नव्हते. माझेही दिवस होते.

माझा जन्म अकोटच्या भांडेबाजारातला. पितळेच्या पत्र्यावर लाकडी हातोड्याचे ठोके पडत गेले आणि माझं पोट गोल होत गेलं. पार्बताबाईंनी दोन फुटक्या परातींची मोड दिली आणि मला घेतलं. दुकानदाराने विचारलं, “नाव कोनाचं टाकू, आजीबाई?” साऱ्या बायका आपलंच नाव घालतात. पार्बताबाई म्हणाल्या, “सुनेचं टाक. मी काय आता जन्माले पुरून राहिली?” मग बारीक खिळ्याने ठिपक्याठिपक्यांनी माझ्या पोटावर नाव उमटलं, सौ. दुर्गा. गुदगुल्या झाल्या मला.

आमचं गाव सावरतळी. दर्यापूर आणि अकोटच्या मधोमध, काळ्या मातीत. हा सगळा खारपाणपट्टा. इथल्या विहिरींचं पाणी खारट. गुरं तोंड लावतात आणि मान फिरवतात. त्या पाण्यावर कपाशी कशीबशी तग धरते, पण गुलाब धरत नाही. गोडं पाणी एकच, गावच्या तलावाचं. पावसाळ्यात आभाळाने भरून ठेवायचं आणि गावाने वर्षभर पुरवून वापरायचं. तलावाच्या पाळीखाली, म्हणजे बांधाखाली, दुर्गाबाईंच्या सासरची दीड एकराची फुलबाग होती. शेवंती, निशिगंध, गुलाब, झेंडू. संध्याकाळी तोडलेली फुलं रात्रभर माझ्यात, गोड्या पाण्यात उभी राहायची आणि पहाटेच्या जीपने दर्यापूरच्या बाजाराला जायची. मी त्यांना जपायचे. गुलाबाच्या देठांचा काटेरी स्पर्श, निशिगंधाचा ओला श्वास. अजून आठवलं की पितळेचंही मन हलतं.

त्या तलावावर आणखी एका माणसाचा जीव होता. अब्दुल सत्तार. तलावातल्या मासळीचा ठेका वर्षानुवर्षं त्याच्याकडे. मृग बरसला की तो माशांचं बियाणं आणायचा. बियाणं म्हणजे नखाएवढी पिल्लं, फुगवलेल्या प्लास्टिकच्या पिशव्यांत. पिशवी आणली आणि फोडली, असं तो कधी करत नसे. आधी बंद पिशवी अर्धा तास तलावात तरंगत ठेवायचा. म्हणायचा, “नवरी दारात आली का जराशी उभी राह्यते ना? तसंच हे. घरचं पानी अंगाले लागू द्या.” आणि मग पिल्लं पातळ मलमलीतून गाळून सोडायचा, पिशवीतलं पाणी दूर शेतात ओतायचा. “दुसऱ्याच्या तलावातलं काय कचरं-बिचरं आलं असंन, कोन सांगते?” ती मलमल म्हणजे त्याची बायको हलीमाबी हिची जुनी ओढणी.

हलीमाबी आणि दुर्गाबाई जोडीने फुलं ओवायच्या. लग्नात नवरदेवाच्या कपाळावरून सोडायचा फुलांचा सेहरा गुंफावा तर हलीमाबीनेच. मी मध्ये, या दोघी दोन बाजूंना. माझ्यातून एक एक फूल उचलायचं, दोऱ्यात घालायचं, आणि गप्पा सुरू.

“भाबी, तुमचा दानिश कवा लगन करते?”

“करेगा, करेगा. पहले मच्छी की बास तो जाने दे उसके हाथ की!”

दानिश, म्हणजे त्यांचा मुलगा, पाळीवरून हे ऐकायचा आणि ओरडायचा, “अम्मी, मले ऐकू येऊन राहिलं!” मग दोघी तोंडाला पदर लावून हसायच्या. बापलेक जोडीने जाळं ओढायचे. एकाने “हां” म्हटलं की दुसऱ्याने ओढायचं. त्या “हां”ला शब्दांची गरज नसे.

मित्रांनो, इथपर्यंतची गोष्ट सांगताना मला काही जड जात नाही. पुढची सांगताना जातं. कारण जे झालं ते माझ्याच पोटातून झालं.

करोनाच्या आधीचं वर्ष. पार्बताबाई जाऊन दोन वर्षं झाली होती. भादव्याची पुनव जवळ आली, म्हणजे भुलाबाई बसायची वेळ. तुमच्याकडे बसते का भुलाबाई? आमच्या वऱ्हाडात भादव्याच्या पुनवेपासून कोजागिरीपर्यंत घरोघर मातीची भुलाबाई आणि तिचा नवरा भुलोजी बसतात. मुली रोज संध्याकाळी घरोघरी फिरून गाणी म्हणतात. गाणी संपली की डब्यातला खाऊ न बघता ओळखायचा. कुणाची भुलाबाई देखणी, यावर बायकांत न बोलता चढाओढ असते. आणि कधी कधी बोलूनही असते.

“काहून व दुर्गे,” शेजारची सुंदराबाई आदल्या वर्षी सगळ्यांसमोर म्हणाली होती, “साऱ्या तालुक्याले फुलं इकतं, आन तुह्या भुलाबाईले झेंडूच? आमच्या भुलाबाईले पाह्य, अकोल्याहून कमळं आनले.”

बायका हसल्या. दुर्गाबाईही हसली. पण घरी येऊन तिने त्या दिवशी झेंडूच्या रोपांना पाणी घातलं नाही.

तर त्या वर्षी अनंत चतुर्दशीला ती हारांची फुलं घेऊन टेम्पोने अमरावतीला गेली. मी सोबत होतेच. माल विकला गेला. परतताना शहराबाहेर, रस्त्याच्या कडेला एक डबकं लागलं आणि दुर्गाबाई टेम्पोत ताडकन उठली.

“थांबव ना भाऊ! थांबव, थांबव!”

सगळं डबकं जांभळ्या-निळ्या तुऱ्यांनी भरलं होतं. तुऱ्यातल्या वरच्या पाकळीवर पिवळा डोळा, अगदी मोरपिसासारखा. आयुष्य फुलांत घालवलेली ती बाई लहान पोरीसारखी बघत राहिली.

टेम्पोवाला म्हणाला, “बाई, थे कोनी इकत घेत नाही. फुकटचं हाय.”

“फुकटचं हाय म्हनून नाही घेऊन राहिली रे. देखनं हाय म्हनून घेऊन राहिली.” आणि हात जोडून पुटपुटली, “भुलाबाई, हे तुह्यासाठी हो.”

तिने साडी खोचली, काठाशी वाकून दोन रोपं उचलली आणि डबक्याच्या पाण्यासकट माझ्यात ठेवली. फुगीर देठ, चकचकीत पानं आणि खाली काळ्या-जांभळ्या मुळांची दाट झालर. ती झालर माझ्या भिंतींवरून हलकेच फिरली आणि मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू? मला वाटलं, माझ्या पोटात मोर उतरला.

रोपं घरी आली, पण तुरे वाटेतच मलूल झाले. दुर्गाबाईने मला मागच्या पडवीत, पोत्याआड लपवलं. नवा तुरा फुटेल, कोजागिरीला भुलाबाईपुढे ठेवू आणि सुंदराबाईचं तोंड बघू, असा तिचा बेत होता. तिने कुणाला सांगितलं नाही. हलीमाबीलाही नाही. रोज संध्याकाळी पुढच्या अंगणात मुलींची गाणी रंगायची आणि मागे अंधारात मी ऐकायचे,

“भुलाबाई बसली पाटावर,
नजर तिची व बाई वाटावर.
भुलोजी पुसती, रुसली कावून?
माहेरचं फूल द्या ना आनून.”

दुर्गाबाई गाणं अर्धं सोडून मागे यायची, पोतं सारायची आणि बघायची. तुरा नाही. पानंच पानं. दोनाची तीन झाली, तिनाची पाच झाली. मुळं माझ्या तळापर्यंत पोचली. फूल मात्र सावलीत काही उमललं नाही. कोजागिरीला भुलाबाईपुढे पुन्हा झेंडूच होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायका निर्माल्य घेऊन तलावावर निघाल्या. दुर्गाबाई सगळ्यांच्या मागे राहिली. पडवीत माझ्यापुढे उभी राहून विचार करत होती. रोपं उकिरड्यावर टाकावीत? पण ही तर देवीच्या नावाने उचललेली. फुलवालीच्या घरात एक रीत कडक होती. देवाला वाहिलेलं, नुसतं मनाने वाहिलेलंसुद्धा, उकिरड्यावर जात नाही. ते पाण्यात जातं. पार्बताबाईंनी तिला पहिल्या वर्षी शिकवलेली ती गोष्ट होती आणि तिने ती कधी मोडली नव्हती.

बायका परतल्यावर तिने मला तलावावर नेलं, हात जोडून कपाळाला लावले आणि मला हळूच कलतं केलं. पाच रोपं माझ्या काठावरून घसरली. वाऱ्याने ती डुलत डुलत आत गेली. किती भक्तिभावाने झालं ते! मी रिकामी झाले आणि हलकं हलकं वाटलं मला. त्या हलकेपणाची मला आज लाज वाटते.

पुढच्या वर्षी करोना आला. बाजार बंद, देवळं बंद, लग्नं बंद. टोपल्याच्या टोपल्या फुलं बांधावर वाळली. तलावाकडे कुणाचं लक्ष नव्हतं. श्रावणात एका सकाळी दुर्गाबाई मला भरायला गेली आणि थबकली. पलीकडच्या कोपऱ्यात हिरव्या पानांची चटई पसरली होती आणि तिच्यावर निळे तुरे उभे होते.

“फुलली का व माय!” ती आनंदाने म्हणाली. एकटीच हसली.

तेवढ्यात सत्तार पाळीवरून आला. कपाळावर हात धरून बघू लागला. “दुर्गाबाई, तुमी फुलायच्या जानकार. हे कायचं झाड हाय वो? मी तं कवा पाह्यलं नाही.”

आता हसून सांगून टाकायचं होतं, की मीच आणलं. त्यात होतं तरी काय? पण सुंदराबाईपासून लपवलेलं, महिनाभर पोत्याआड ठेवलेलं, फजीत झालेलं ते फूल. एवढ्याशा लाजेने तिचं तोंड मिटलं.

“काय माईत, भाई,” ती म्हणाली.

तीन शब्द. मी तिच्या हातात होते. तिची बोटं माझ्या कडीवर घट्ट झाली, ती मला जाणवली.

मग ती चटई वाढू लागली. पहिल्या वर्षी कोपरा, दुसऱ्या वर्षी अर्धा तलाव. तिसऱ्या वर्षी या काठावरून त्या काठापर्यंत पाणी दिसेना. वरून बघाल तर गवताळ मैदान, वासरू उतरेल असं. खाली उजेड नाही, वारा नाही. एका सकाळी मरळ, रोहू, कतला, सगळी मासळी पानांच्या फटींतून पांढरी पोटं वर करून तरंगत होती. वासाने गाव नाकाला फडकं लावून बसलं. डासांनी पोरांची अंगं फोडली. बागेच्या पंपाची तोंडं मुळांनी बुजली. जे पाणी आलं ते काळं, कुजकट.

सरपंच गजेंद्रने ग्रामसभा बोलावली. कॉलेजात शिकवणाऱ्या रूपाली मॅडम आल्या होत्या. त्यांनी एक रोप हातात धरून सगळ्यांना दाखवलं. “ही जलपर्णी. हिचं मूळ घर दक्षिण अमेरिकेतल्या नद्यांत. फूल सुंदर म्हणून माणसांनी हिला जगभर नेलं. इथे हिला खाणारं, आवरणारं कुणी नाही. एका रोपाची पंधरा-वीस दिवसांत दोन होतात. बी चिखलात कितीतरी वर्षं जिवंत राहतं. ही उडत येत नाही. कधी जाळ्याला चिकटून येते, कधी मत्स्यबीजाच्या पाण्यातून, कधी कुणी हौसेने आणतं. कुणाच्या आठवणीत काही आहे का? शोधायला मदत होईल, कारण जिथून आली तिथून अजून कुठे गेली असेल तर तीही गावं वाचवता येतील.”

दुर्गाबाई बायकांच्या रांगेत बसली होती. मी हे नंतर ऐकलं, हलीमाबीच्या तोंडून. ती सांगत होती, दुर्गाबाईने उठायला म्हणून हात टेकला. पण तेवढ्यात कुणीतरी बोललं, “बियान्यासंगंच आलं असंन. दुसरं काय हाय तलावात सोडलेलं?” आणि सगळ्या माना सत्तारकडे वळल्या.

सत्तार उठून उभा राहिला. त्याला भांडता आलं असतं. पण तो खरा माणूस, आठवू लागला. हे झाड पहिल्यांदा दिसलं त्या साली मृगात त्याला कावीळ झाली होती. बियाणं दानिशने एकट्याने सोडलं होतं. त्याने भर सभेत पोराला विचारलं, “दानिश, त्या साली पानी गाळलं होतं का रे?”

दानिश खाली बघत राहिला. “अब्बा, पाऊस लय होता. ओढनी भेटली नाही. तसंच सोडलं मी.”

“मंग चूक आमची हाय,” सत्तार म्हणाला आणि खाली बसला.

दुर्गाबाईचा टेकलेला हात जमिनीवरच राहिला.

ठेका गेला. आजूबाजूच्या तीन गावांनीही सत्तारला तलाव बंद केले. ‘याच्या बियान्यातून रोग येते’ म्हणाले. आणि सत्तारने पोराशी बोलणं टाकलं. एका घरात राहून बापलेकांचे निरोप हलीमाबीच्या तोंडून फिरू लागले. “अम्मी, अब्बासे बोल, खाना हो गया.” “उसको बोल, मुझे भूख नहीं.” वर्षभरात दानिश मूर्तिजापूरला गॅरेजात कामाला निघून गेला.

सत्तारने स्वतःला एक शिक्षा लावून घेतली. रोज सकाळी कमरेएवढ्या चिखलात उतरायचं आणि हाताने जलपर्णी उपसायची. पासष्टी उलटलेला माणूस. उपसून काठावर ढीग लावायचा. दुपारपर्यंत मोकळं केलेलं पाणी चार दिवसांत परत मिटायचं. पाय पांढरे पडून सोलले. लोक म्हणायचे, “काय वेड लागलं का बुढ्याले?” तो म्हणायचा, “आमीच आनली, आमीच काढू.”

फुलबागेला आता विहिरीचं पाणी द्यावं लागलं. पार्बताबाई असत्या तर? गुलाबांच्या पानांच्या कडा जळाल्या, मग पानं, मग फांद्या. निशिगंध कंदातच सडला. दुर्गाबाई त्या बागेकडे बघून रडत नसे. मला वाटतं, तिला ते बरोबर वाटत होतं. एका संध्याकाळी तिने मला हातात घेतलं, आत डोकावली आणि बराच वेळ तशीच राहिली. मग मला ओट्याच्या कोपऱ्यात उपडं घातलं. त्यानंतर तिने मला चिंचेने घासलं नाही, उचललंही नाही. तिच्या पोटात एक गोष्ट अडकली होती आणि ती फक्त तिला आणि मला ठाऊक होती. मला तोंड होतं, पण ते आता जमिनीकडे होतं.

मित्रांनो, मी भांडं आहे. माझ्यात जे ठेवलं ते मी नेलं, जिथे ओतलं तिथे दिलं. पण तुम्हाला हात आहेत आणि विचारही आहे. काचेच्या पेटीतला रंगीत मासा मोठा झाला म्हणून तलावात सोडू नका. कुंडीतलं पाणवनस्पतीचं रोप कंटाळा आला म्हणून नदीत टाकू नका. ते तुम्हाला दया वाटेल, पुण्य वाटेल. पाण्यात गेलेलं परत बोलावता येत नाही. तलावाचं घर आतल्या जीवांनी भरलेलं असतं. पाहुणा कितीही देखणा असो, तो त्यांना विचारून येत नाही. आणि चुकून काही गेलंच, तर त्याच दिवशी सांगा. रोपं पाच असतात तेव्हाच ती हाताने काढता येतात.

परवाची गोष्ट सांगते आणि थांबते.

दुपारची वेळ. गल्लीत एक टेम्पो उभा राहिला. सत्तार आणि हलीमाबी घर बंद करून अकोटला, तिच्या भावाकडे राहायला निघाले होते. सामान न्यायला दानिश आला होता. टेम्पोपाशी, आमच्याकडे पाठ करून उभा होता. सत्तार काठी टेकत ओट्यावर आला आणि माझ्यावर बसला. किती हलका झाला होता तो! पूर्वी जाळं ओढणारा माणूस आणि आता पोतडीएवढं वजन. पायांना फडकी गुंडाळलेली होती.

दुर्गाबाई दारात आली. हलीमाबीने तिचे दोन्ही हात धरले. “चलते हैं, दुर्गा. सेहरे की सुई तेरे पासच रहने दे. वहाँ कौन गुँथवाएगा मुझसे?”

“बसा ना भाबी. चहा टाकते,” दुर्गाबाई म्हणाली. पण हलली नाही.

“चहा नोको,” सत्तार म्हणाला. “मी एका कामासाठी आलो, दुर्गाबाई. गावात साऱ्यायले सांगून झालं, तुमालेच सांगाचं राहिलं होतं. तुमची बाग जळाली. पार्बताबाईच्या हातचे गुलाब होते थे. आमच्या घरच्या चुकीनं तुमच्या झाडाले खारं पानी पाजा लागलं. मले माफ करजा.” आणि त्याने हात जोडले.

हात जोडले, मित्रांनो. माझ्यावर बसून, माझ्या पोटावरच्या तिच्या नावावर.

दुर्गाबाई खाली बसली. ओट्याच्या मातीवरच, त्याच्या फडक्यांच्या पायांपाशी.

“भाई, हात सोडा,” ती म्हणाली. आवाज असा, की मी तो तीस वर्षांत ऐकला नव्हता. “थे तुमच्या बियान्यातून नाही आलं. दानिशची काई चूक नाही. थे म्या आनलं. अमरावतीहून. भुलाबाईसाठी. आन म्याच तलावात सोडलं.”

हलीमाबीच्या हातातली पिशवी खाली ठेवली गेली. टेम्पोपाशी दानिशची पाठ वळली. तो दोन पावलं पुढे आला आणि तिथेच उभा राहिला. रस्त्यावरून अकोटची एसटी गेली, तिची धूळ ओट्यापर्यंत आली, कुणी तोंडावर हात धरला नाही.

सत्तारचा चेहरा आधी रिकामा झाला. मग त्याने मान वळवून पोराकडे पाहिलं, परत हिच्याकडे पाहिलं. भल्या माणसाला दुसऱ्याला खाली बसलेलं बघवत नाही. त्याने स्वतःच तिला वाट काढून दिली.

“जाऊ द्या,” तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. “तुमाले तरी काय समजत असंन तवा? फूल समजून आनलं. आता कुठं ध्यानात आलं असंन तुमच्या. होते असं. आता आलं ना ध्यानात?”

किती सोपं होतं. नुसतं “हो” म्हणायचं होतं. दुर्गाबाईने मान हलवली, नाही म्हणून. डोळे पुसले नाहीत. आधी सत्तारकडे आणि मग टेम्पोपुढे उभ्या दानिशकडे बघून ती म्हणाली,

“नाही, भाई. मले पयल्या दिवसापासून माईत होतं. तुमी पोराशी बोलनं टाकलं ना, तवाई माईत होतं.”